चौघांचा प्रोजेक्ट, एकाचा कोड

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चौघांचा एक ग्रुप असतो. पहिला कोड लिहितो. दुसरी (हो, बहुतेक वेळा दुसरीच) रिपोर्ट टाइप करते. तिसरा ब्लॅक बुकच्या बाइंडिंगसाठी चकरा मारतो आणि चौथा व्हायव्हाच्या दिवशी फॉर्मल कपड्यांत थेट उगवतो. मार्क मात्र चौघांना उन्नीस-बीस! आपल्याकडचा कुठलाही बीई झालेला माणूस हे वाचून म्हणेल, अरे, हा तर आमचाच ग्रुप.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट बंद करा, ज्याचं त्याने करू दे. मला हे पटत नाही. एक तर 'ज्याचं त्याने' करायची प्रॅक्टिकल्स आपल्याकडे आहेतच की! साठ जणांच्या जर्नलमध्ये एकच प्रोग्रॅम आणि त्यात एकच स्पेलिंगची चूक. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर कॉपी करायला सीनियरची फाइलही शोधावी लागत नाही. आणि दुसरं, नोकरीत एकट्याने कोड लिहायला कोण देतं? दुसऱ्याचा कोड वाचणं, आपला कोड त्याच्याशी जुळवणं हेच तर रोजचं काम. ते कॉलेजात एकदा तरी करायला हवंच.

पण ग्रुप म्हटला की प्रत्येकाचा हात सैल पडतो, हेही खरं. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून याची मोजमापं घेतली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. माणसं वाढली, तशी दरडोई ओढ कमी झाली. सॉफ्टवेअरमध्ये त्यात समन्वयाची भर. फ्रेड ब्रुक्सने आयबीएममधल्या अनुभवावर १९७५ च्या पुस्तकात हेच मांडलंय. चार माणसांत बोलण्याच्या जोड्या ६, आठ माणसांत २८! म्हणून ग्रुप तिघांचाच असावा. तिघांत लपायला जागा कमी.

खरं नुकसान फुकट मार्क मिळण्यात नाहीच. ते होतं त्या रिपोर्ट टाइप करणाऱ्या मुलीचं. तिला कोड येत नव्हता असं नाही, पण 'तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू डॉक्युमेंटेशन बघ' असं पहिल्याच मीटिंगला ठरून गेलं. पुढे इंटरव्ह्यूत प्रश्न येतो, प्रोजेक्टमध्ये तुमचा रोल काय होता? आता ती काय सांगणार? वर्षभर मिळून काम केलं त्यात शिकायची संधी एकालाच मिळाली, आणि तोही रात्र-रात्र जागून वैतागलेला.

मग करायचं काय? गिटमध्ये कोणी किती ओळी लिहिल्या ते दिसतं, त्यावर मार्क द्या, असं कोणी म्हणेल. पण ओळी मोजून काम मोजलं जात नाही. दोन दिवस डोकं खाजवून चाळीस ओळी उडवणाऱ्याचं काम मोठं असू शकतं. त्यापेक्षा सोपी गोष्ट करा. व्हायव्हाला प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवा आणि त्याच्या नव्हे, ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये एक छोटा बदल करायला सांगा. पंधरा मिनिटं. ही अट वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. मग बघा, ज्याला सगळं येतं तोच बाकीच्यांना धरून बसवून शिकवेल, कारण त्याचेही मार्क दुसऱ्याचा कोड समजण्यावर असतील. आणि 'तू फक्त डॉक्युमेंटेशन बघ' म्हणायची सोयच उरणार नाही.

सर लोक म्हणतील, वेळ कुठाय? साठ मुलं, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे पंधरा तास. रोज पाच तास धरले तरी तीन दिवस. चार वर्षांच्या डिग्रीत हे तीन दिवस निघत नसतील, तर ब्लॅक बुकवरच्या सोनेरी अक्षरांना तरी काय अर्थ आहे?