अर्थ पूर्ण झाला म्हणजे वाक्य झाले असे नाही

शाळेतले कोणतेही इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडले तर फ्रेज आणि सेंटेन्स यांतला फरक एका ओळीत उरकलेला दिसतो. ज्या शब्दसमूहातून पूर्ण अर्थ निघतो ते वाक्य. अर्थ निघतो पण अपुरा, ती फ्रेज. १९३० च्या दशकातल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने ही व्याख्या भारतातल्या शाळाशाळांत रुजवली. पण ती त्यांचीही नाही. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक व्याकरणापासून ती जवळजवळ जशीच्या तशी चालत आली आहे. पाठ करायला सोपी, तपासायलाही सोपी. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला मात्र ही व्याख्या नुसती अपुरी पडत नाही, ती त्याला चुकीच्या वाटेला लावते. महाराष्ट्राने २००० साली सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले. ज्या मुलांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द ऐकू येत नाही अशी लाखो मुले तेव्हापासून या भाषेशी झगडत आहेत. त्यांना वाक्याची ओळख अर्थावरून नव्हे, क्रियापदावरून करून द्यायला हवी.

अर्थाची कसोटी या मुलाच्या हाती कशी फसते, ते पाहू. ‘माझे बाबा शेतकरी.’ ‘आज शाळेला सुट्टी.’ ‘हे आमचे घर.’ यांतल्या एकाही वाक्यात क्रियापद नाही आणि एकाचाही अर्थ अपुरा नाही. मराठी कानाला त्यांत काहीच खटकत नाही. आता हाच मुलगा वहीत ‘माय फादर फार्मर’ असे लिहितो आणि पुस्तकातल्या व्याख्येने ते तपासतो. अर्थ पूर्ण आहे का? त्याच्या दृष्टीने आहे. मग लाल रेघ का, हे त्याला कळावे तरी कसे? तसेच कर्त्याचे. ‘आलो’, ‘जेवलात?’ एवढ्यावर मराठीचे काम भागते, कारण कोण आला आणि कोणाला विचारले हे क्रियापदाच्या रूपातच कळते. इंग्रजी क्रियापदाच्या अंगावर इतके प्रत्यय उरलेले नाहीत, म्हणून तिथे कर्ता उघडपणे मांडावाच लागतो. करणारा कोणी नसला तरी ‘इट इज रेनिंग’ म्हणत एक ‘इट’ उभा करावा लागतो. अर्थाकडे पाहून हा ‘इट’ कधीच समजणार नाही, कारण त्याला अर्थ जवळपास नाहीच. वाक्याचा साचा तो मागतो, म्हणून तो येतो.

साच्याकडे पाहायला लागले की तीच मराठी मुलाच्या मदतीला येते. ‘द गर्ल सिंगिंग इन द नेक्स्ट रूम’ हे सात शब्द घ्या. मुलगी आहे, गाणे आहे, खोली आहे. अर्थ भरपूर आहे. ‘सिंगिंग’ दिसले की मुलाला क्रियापद सापडल्यासारखे वाटते आणि तो पुढे पूर्णविराम देऊन मोकळा होतो. उलट ‘शी सिंग्ज’ हे दोनच शब्द, त्यांतून कोण गाते, काय गाते, काहीच उमगत नाही, तरी ते पुरे वाक्य आहे. आता तीच गोष्ट मराठीत म्हणून पाहा : ‘शेजारच्या खोलीत गाणारी मुलगी’. हे वाक्य आहे असे चौथीतले मूलही म्हणणार नाही. ‘गाणारी मुलगी’ ऐकले की ‘तिचे काय?’ हा प्रश्न आपोआप येतो. ‘गाणारी’ आणि ‘गाते’ यांतला फरक त्याला कोणी शिकवलेला नाही, तो त्याच्या जिभेवर आहे. मराठी व्याकरणात ज्याला आपण धातुसाधित किंवा कृदंत म्हणतो, तेच काम इथे ‘सिंगिंग’ करते आहे. वाक्य पुरे करून पाहिले की हे उघड होते. ‘शेजारच्या खोलीत गाणारी मुलगी माझी बहीण आहे’ यात ‘कालची’ गोष्ट आणली तर ‘आहे’चे ‘होती’ होते, ‘गाणारी’ जागची हलत नाही. इंग्रजीतही ‘इज’चे ‘वॉज’ होते आणि ‘सिंगिंग’ तसेच राहते. काळ बदलल्यावर जो शब्द रूप बदलतो तो वाक्याचा कणा. असा शब्दच नसेल तर शब्द कितीही असोत, ती फ्रेज. ‘कट’, ‘पुट’ अशी काही क्रियापदे भूतकाळात तशीच राहतात हे खरे. तिथे ‘ही’ आणि ‘एव्हरी डे’ लावून पाहावे, ‘पुट’चे ‘पुट्स’ झालेले दिसते. पाचवी-सहावीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल अशी ही कसोटी आहे आणि तिला पाठांतर लागत नाही.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही, याचे मला विशेष वाटते. पाणिनीने वाक्याची व्याख्या केली नाही. ती कात्यायनाने केली आणि वाक्यात एक क्रियापद असणे ही त्याने सांगितलेली एक खूण आहे. क्रियापद दिसत नसेल तिथे ‘आहे’ गृहीत धरावे, हेही त्यानेच सांगून ठेवले. ‘माझे बाबा शेतकरी’ची सोय अशी दोन हजार वर्षांपूर्वीच लागली आहे. इंग्रजी ती सोय देत नाही, एवढेच मुलाला सांगायचे आहे. पाश्चात्त्य अभ्यासकही अर्थावरच्या व्याख्येने समाधानी नव्हतेच. चार्ल्स फ्रीज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात वाक्याच्या दोनशेहून अधिक व्याख्या प्रचारात असल्याचे नोंदवले आणि रूपाकडे पाहूनच इंग्रजी वाक्याचा अभ्यास मांडला. व्याख्यांची अशी रास साचते, कारण ‘पूर्ण अर्थ’ म्हणजे किती अर्थ, हे कोणालाच ठरवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ यात कर्ता आहे, काळ दाखवणारे क्रियापद आहे, तरी ते स्वतंत्र वाक्य मानले जात नाही. म्हणजे नुसते क्रियापदही पुरत नाही. बरोबर, फ्रेज आणि वाक्य यांच्या मध्ये उपवाक्य नावाची तिसरी गोष्ट आहे. अर्थावरची व्याख्या तिला फ्रेजच्याच खात्यात टाकते आणि फरक पुसून टाकते. क्रियापदाची कसोटी निदान ती वेगळी काढून हातात देते, मग तिच्या तोंडाशी ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’ असा जोडणारा शब्द आहे का, हे पाहता येते. इथेही मराठीची सवय आड येते. ‘मी आलो नाही. कारण पाऊस पडत होता.’ असे मधे पूर्णविराम देऊन आपण रोज लिहितो, वर्तमानपत्रांतही ते छापले जाते आणि मराठीत ते चालते. शालेय इंग्रजी लेखनात त्याला चूक धरतात. हे वर्गात सांगितलेच नाही तर मूल दर वेळी तिथेच अडखळणार.

दुसरा आक्षेप बोलण्याचा. ‘व्हेअर इज शी?’ ‘इन द किचन.’ अशी तुटक उत्तरे इंग्रज माणूसही देतोच ना? देतो, कारण राहिलेला भाग समोरच्याच्या प्रश्नाने पुरवलेला असतो. मीमांसकांनी ज्याला आकांक्षा म्हटले ती इथे प्रश्नातून भागते. निबंधात, अर्जात, उत्तरपत्रिकेत असा प्रश्न विचारणारा समोर नसतो, तिथे वाक्यालाच सगळा भार उचलावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही. अमेरिकेत ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन जवळपास हेच म्हटले होते. २००७ मध्ये ग्रॅहॅम आणि पेरिन यांच्या अहवालातही तुटक व्याकरणशिक्षणाचा निकाल फारसा वेगळा नव्हता. पण त्याच अहवालात, छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य घडवण्याचा सराव लेखनाला उपयोगी पडतो, असेही आढळले आहे. म्हणजे अपयश व्याख्या आणि ओळखा-सांगा छापाच्या प्रश्नांचे आहे, वाक्य हाताळण्याचे नाही. शिवाय ही संशोधने प्रामुख्याने इंग्रजीतच वाढलेल्या मुलांवरची. त्या मुलांचे कान चूक पकडतात. मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला तो कान मिळालेला नाही. त्याला साचा उलगडून दाखवणे, हा त्याच्यावर लादलेला जाच मानता येणार नाही, ते त्याचे देणे आहे.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसांच्या पिढ्यांना दोन्ही भाषा शेजारी ठेवून इंग्रजी शिकवले. पुढे भाषांतर पद्धत जुनाट ठरली आणि इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारणेही कमीपणाचे झाले. पाठमाला परत आणा असे मी म्हणत नाही. तिच्यातली तुलना परत आणा. प्रश्नपत्रिकेत ‘फ्रेज की सेंटेन्स, ओळखा’ याऐवजी ‘गाणारी मुलगी’ देऊन तिचे इंग्रजीत पुरे वाक्य करायला सांगावे, दुसऱ्या प्रश्नात पुरे वाक्य देऊन त्याची फ्रेज करून तिसऱ्या वाक्यात बसवायला सांगावे. याला नवे पुस्तक लागत नाही, वेगळा खर्च लागत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दोन तास आणि गुणांच्या रकान्यात थोडा बदल, एवढ्यावर पुढच्या जूनपासून सुरुवात करता येईल.