परक्याच्या ओसरीवर चळवळीचे बिऱ्हाड

जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक प्रशासनाने उखडला, तेव्हा निदान उखडणारे हात दिसत होते. पोलीस दिसले, लाठ्या दिसल्या, न्यायालयाच्या आदेशाचा हवालाही दिला गेला. अन्याय झाला, पण दिवसाढवळ्या, गावाच्या डोळ्यांदेखत झाला. म्हणूनच त्याविरुद्ध बोलता आले, लिहिता आले, न्यायालयाची पायरी चढता आली.

आमच्या मंडळाच्या युवक विभागाचे समाजमाध्यमावरील पान गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस, काळ्या दिनाच्या तोंडावर, एका रात्रीत नाहीसे झाले. इथे हात दिसले नाहीत. चार ओळींचा इंग्रजी मजकूर तेवढा आला : आपल्या खात्याने आमच्या सामुदायिक निकषांचा भंग केला आहे. कोणता निकष? कोणता मजकूर? कोणत्या तारखेचा? तक्रार कोणी केली? उत्तर नाही. दाद मागितली, तर काही तासांत ‘पुनरावलोकनानंतर निर्णय कायम’ असे कळवण्यात आले. हे पुनरावलोकन माणसाने केले की यंत्राने, माणसाने केले असल्यास त्याला मराठीचे एक अक्षर तरी वाचता येत होते का, हे विचारायला खिडकी नाही, टेबल नाही, शिपाईसुद्धा नाही!

त्या पानावर सात वर्षांचे काम होते. १ नोव्हेंबरच्या फेऱ्या, १७ जानेवारी आणि १ जूनची हुतात्मा अभिवादने, जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनांच्या शिक्का मारलेल्या प्रती, गावोगावच्या मराठी फलकांची छायाचित्रे, त्यातले पुष्कळसे फलक आज जागेवर नाहीत. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे झाले. पुढच्याच पंधरवड्यात कार्यालयातील संगणकाची हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दोन दिवसांत मुकी झाली.

ही केवळ आमच्या एका मंडळाची रडकथा असती, तर वार्तापत्राची जागा तिच्यासाठी अडवली नसती. प्रश्न अख्ख्या सीमाभागाचा आहे, आणि तो राजकीय आहे. आमचे म्हणणे सरळ आहे : ज्या चळवळीचे सारे भवितव्य कागदपत्रांवर, पुराव्यांवर उभे आहे, त्या चळवळीने आपली स्मृती परक्याच्या ओसरीवर आणि एकाच यंत्राच्या पोटात ठेवणे परवडणारे नाही.

मुद्दा पुराव्याचा आहे, हे जरा नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या कलम १३१ खाली मूळ दावा क्रमांक ४ दाखल केला. ८६५ गावांचा हा प्रश्न आहे. दोन दशके उलटली तरी निकाल नाही. पुरावे नोंदवण्यासाठी २०१४ मध्ये माजी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली, पण ते कामही पुढे सरकले नाही. दावा चालेल तेव्हा घोषणा कामाला येणार नाहीत, कामाला येतील ते कागद. गावाची भाषा कोणती, शाळा कोणत्या भाषेची होती, ग्रामपंचायतीचे ठराव कोणत्या भाषेत झाले, निवेदन कोणत्या दिवशी दिले आणि त्याचे काय झाले, हे सारे दाखवावे लागेल.

आता संगणकीय पुराव्याचा कायदा पाहू. मोबाईलवर टिपलेला पडद्याचा फोटो दाखवला की काम झाले, असे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना वाटते. तसे नाही. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की संगणकीय नोंदीची प्रत पुराव्यात आणायची, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागते. मूळ यंत्र त्याच्या मालकानेच न्यायालयात हजर केले, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तर प्रमाणपत्राचा नमुनाच घालून दिला आहे. त्यात पक्षकाराची सही लागते, तज्ज्ञाची लागते आणि फाइलचा अंकी ठसा, ज्याला हॅश म्हणतात, तोही लिहावा लागतो. पान गेले, मूळ यंत्र मेले, तर प्रमाणपत्र कशाचे देणार? हवेचे?

दुसरा धोका तोतयांचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला, तेव्हा १४ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई या दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवले. बैठकीनंतर खुद्द गृहमंत्र्यांनीच सांगितले की बड्या नेत्यांच्या नावे काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद चिघळवला. मुख्यमंत्र्यांच्या नावाचे तोतये निघतात, तिथे आपल्या मंडळाची काय कथा? आमचे पान गेले, उद्या त्याच नावाने कोणी दुसरे काढले आणि त्यावरून कन्नड बांधवांना शिवीगाळ केली, तर पोलीस कोणाच्या दारात येतील? आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही, कन्नड माणसाशी तर मुळीच नाही. पण खरे पान बंद आणि खोटे पान चालू असले, की हे सांगायला तोंड उरत नाही.

यावर काही शहाणे म्हणतात, ‘सेवा फुकट होती ना? मग फुकटच्या घोड्याचे दात कशाला मोजता?’ फुकट कशी? सात वर्षे आपल्या मुलांनी मजकूर लिहिला, छायाचित्रे काढली, माणसे जोडली, आणि त्या गर्दीला जाहिराती दाखवून पैसा कंपनीने केला. ओसरी तिची असेल, पण त्या ओसरीवर माणसे आणली ती आम्ही. बाहेर काढायचे तर कारण सांगावे, आणि आमचे गाठोडे आमच्या हवाली करावे, एवढे मागायचा हक्क आम्हाला आहे.

हा हक्क आमच्या मनचा नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक सदस्य असलेल्या समाजमाध्यमांवर बंधन घातले आहे की स्वतःहून मजकूर काढायचा किंवा वापर बंद करायचा तर आधी कारणांसह कळवावे आणि बाजू मांडायची वाजवी संधी द्यावी. तक्रार अधिकारी नेमावा, २४ तासांत पोच द्यावी आणि ठरावीक मुदतीत निकाल द्यावा, असेही हे नियम सांगतात. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आठव्या परिशिष्टातील भाषांत नियम कळवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मराठी त्या परिशिष्टात राज्यघटना लागू झाल्यापासून आहे! जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने तीन अपील समित्याही नेमल्या, तिथे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. नियम कागदावर देखणे आहेत. पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातील कार्यकर्त्यापर्यंत ते कोणी पोचवले? आणि पान कंपनीने बंद केले की सरकारी हुकमाने, हे तरी त्याला कसे कळावे? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील आदेश २००९ च्या नियमांनी गोपनीय ठेवले जातात. न्याय मागायचा तर आधी आरोपी कोण ते ठाऊक असावे लागते. इथे तेच झाकलेले!

तेव्हा कंपनीशी आणि सरकारशी भांडायचे आहेच. पण भांडण जिंकूनही प्रश्न सुटत नाही, हे आमचे खरे सांगणे आहे. उद्या पान परत मिळाले, तरी ती ओसरी परक्याचीच. ऑर्कुटवर एके काळी मराठी तरुणांचे केवढे मेळे भरत! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. टिकटॉकवर खेड्यापाड्यातील मराठी पोरांनी नाव कमावले होते. जून २०२० मध्ये केंद्राच्या एका आदेशाने बंद झालेल्या ५९ उपयोजनांत तेही गेले. कोणी म्हणेल, परदेशी कंपन्यांचे हे असेच असते, आपले स्वदेशी हवे. मग भारतीय भाषांसाठी म्हणून बेंगळुरूत उभे राहिलेले कू घ्या. जुलै २०२४ मध्ये त्याचाही गाशा गुंडाळल्याचे मालकांनी जाहीर केले. ओसरी देशी असो की विदेशी, मालक उठ म्हणाला की उठावे लागते.

आणि आपले स्वतःचे यंत्र? हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी. ती कधीतरी थांबणारच. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसते, पण ती बिघडते तेव्हा बहुधा आवाजही करत नाही, आणि तिच्यातून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा कमीच. आमच्या डिस्कला दुकानदार ‘नवी विंडोज घालून देतो’ म्हणत होता. त्याला तिथेच थांबवले. हे सर्व शाखांनी ध्यानात ठेवावे : डिस्क टकटक करू लागली तर संगणक पुनःपुन्हा चालू करू नये, त्यावर काही नवे भरू नये, ती काढून जाणकाराकडे द्यावी. नवे भरले की जुने त्याखाली कायमचे गाडले जाते.

तिसरी हानी तर कोणाच्या लक्षातच येत नाही. १९९० नंतरची आपली पत्रके, स्मरणिका, निवेदने पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती अशा फाँटांत जुळवली गेली. त्या फाइली आजच्या संगणकावर उघडा. एक तर उघडत नाहीत, उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. याउलट १९५६-५७ ची निवेदने पाहा. कागद पिवळा पडला, कोपरे झिजले, पण ज्याला अक्षर येते त्याला ती आजही वाचता येतात. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण पन्नास वर्षांहून अधिक काळ ओळीओळीने खोडत आलो, कारण तो छापलेला आहे, प्रत्येकाच्या कपाटात आहे. आपल्या वाडवडिलांच्या ट्रंकेत मुंबई राज्याच्या काळातील मराठी उतारे सापडतात. आपल्या नातवंडांना आपल्या ट्रंकेत काय सापडणार आहे? पासवर्ड विसरलेला मोबाईल?

आता बोलायचे ते आपल्याच घरच्यांशी. ‘हे पोरांचे खेळ आहेत, पोरे बघतील’ असे म्हणणारे ज्येष्ठ पदाधिकारी जागोजागी आहेत. त्यांना आम्ही आदरपूर्वक विचारतो : मोर्चाच्या फलकाला पैसा आहे, ध्वनिक्षेपकाला आहे, शालीला आणि श्रीफळाला आहे, मग दोन बाहेरच्या डिस्क आणि चार रीम कागद यांनाच तिजोरी रिकामी कशी? आणि ‘आता कागद कशाला, सगळे मोबाईलवर आहे’ म्हणणाऱ्या तरुण मित्रांना विचारतो : कर्नाटकात भूमी योजनेखाली जमिनीचे उतारे संगणकावर गेले आणि त्यांतून मराठी गेली, तेव्हा तुमच्या घरातील जुना मराठी कागदच साक्षीला उभा राहिला ना? यंत्र ज्याच्या ताब्यात, शब्द त्याचा. हे सीमाभागाला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणून प्रत्येक शाखेच्या कार्यकारिणीने पुढील ठराव करावेत, अशी आमची मागणी आहे.

पहिले, कोणतेही खाते एकाच कार्यकर्त्याच्या नावावर आणि त्याच्याच मोबाईल क्रमांकावर नसावे. पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, क्रमांक बंद झाला, की तो क्रमांक काही महिन्यांनी तिसऱ्याच माणसाला मिळतो आणि खात्याचा परवलीचा आकडा त्याच्याकडे जातो. किमान तीन जबाबदार व्यवस्थापक असावेत, आणि खाते परत मिळवण्याचे आकडे कागदावर छापून कपाटात कुलपात ठेवावेत.

दुसरे, दर महिन्याला खात्यातील सर्व माहिती उतरवून घ्यावी. बहुतेक मोठ्या माध्यमांत ही सोय असते, ती शोधावी लागते.

तिसरे, प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक गावाबाहेर असावी. आपल्यापैकी कोणाचे नातेवाईक कोल्हापुरात किंवा चंदगडात नाहीत?

चौथे, निवेदन, पोच, ठराव आणि छायाचित्रे यांची छापील प्रत तारखेसह, स्थळासह, छायाचित्र काढणाऱ्याच्या सहीनिशी फायलीत लागावी. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणून छापावा. हे काम करणारी मुले आपल्याकडे आहेत, त्यांना फक्त कोणी सांगितलेले नाही.

पाचवे, खाते बंद झालेच तर गप्प बसू नये. त्याच दिवशी तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, तिथे न्याय न मिळाल्यास मुदतीत अपील, आणि खाते बंद असल्याचे जाहीर निवेदन वर्तमानपत्रात द्यावे. तोतया उद्या उभा राहिला, तर हेच निवेदन ढालीसारखे कामाला येईल.

समाजमाध्यमे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. बाजारात उभे राहून दवंडी जरूर पिटावी, पण घरची दप्तरे बाजारात मांडून ठेवू नयेत. १९५६ पासून या भागातील तीन पिढ्यांनी तुरुंग पाहिले, लाठ्या खाल्ल्या, हुतात्मे दिले. त्यांच्या कष्टांची नोंद कोण्या कंपनीच्या मर्जीवर आणि एका तबकडीच्या नशिबावर सोडणे हा त्यांचा अवमान ठरेल. दाव्याची तारीख उद्या लागो की दहा वर्षांनी लागो, त्या दिवशी आपले दप्तर आपल्याच हातात असले पाहिजे. येत्या मासिक बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्या, आणि झालेला ठराव कागदावर लिहून आमच्याकडे पाठवा.

जय महाराष्ट्र!