बंद लिफाफ्यातला नियम

बंगळूरुच्या इंदिरानगराचे नाव एप्रिल २०२१मध्ये देशभर गाजले ते एका जाहिरातीमुळे. तिथला मराठीभाषक रहिवासी राहुल द्रविड वाहतूककोंडीत अडकतो आणि आपण ‘इंदिरानगरचा गुंडा’ असल्याचे गर्जून सांगतो, ही कल्पना लोकांना भावली; कारण प्रत्यक्षातील द्रविड म्हणजे नियमपालनाचा आदर्श. त्याच द्रविड यांनी डिसेंबर २०१५मध्ये दिल्लीतल्या पतौडी स्मृती व्याख्यानात एक कठोर विधान केले होते. जन्मतारीख बदलून कनिष्ठ गटात खेळणे आणि सामनानिश्चिती यांत तत्त्वतः फरक नाही, असा त्याचा आशय होता. खेळातला भ्रष्टाचार मोठ्या मैदानावर सुरू होत नाही, तो निवडीच्या उंबरठ्यावर सुरू होतो, ही त्यांची मांडणी मोलाची होती. मात्र या उंबरठ्यावर नियम मोडणारे हात केवळ खेळाडूचे आणि त्याच्या प्रशिक्षकाचे असतात काय, हा प्रश्न आपल्याकडे नेटाने कुणी विचारलेला नाही.

अमेरिकेने तो विचारला, पण त्याला शंभर वर्षे लागली. तिथली विद्यापीठे फुटबॉल आणि बास्केटबॉलवर अब्जावधी डॉलर मिळवत राहिली आणि खेळणारी मुले मात्र ‘विद्यार्थी’ म्हणून शिष्यवृत्तीवर समाधानी राहावीत, असा नियम होता. परिणाम व्हायचा तोच झाला. गुणी मुलाला आपल्याकडे ओढण्यासाठी पाकिटे फिरू लागली. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवले म्हणून १९८७चा त्याचा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द करण्यात आला. ही देणी पकडली गेल्यानंतरही चालू ठेवण्याचा निर्णय विद्यापीठाच्या नियामक मंडळातच झाला होता, हे त्या मंडळाचे माजी अध्यक्ष व तेव्हाचे टेक्सासचे राज्यपाल बिल क्लेमेंट्स यांनी स्वतः मान्य केले. सप्टेंबर २०१७मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने पुन्हा असेच जाळे उघडकीस आणले. आदिदासच्या एका अधिकाऱ्यापासून विद्यापीठांच्या साहाय्यक प्रशिक्षकांपर्यंत दहा जणांना अटक झाली. तेव्हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद असा होता की, या व्यवहारात फसवणूक झाली ती विद्यापीठांची! ज्यांच्या तिजोरीत त्या मुलांच्या घामाचे पैसे जात होते तेच बळी ठरले.

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाला असा बाजार नाही. आपला बाजार आयपीएल. २००८च्या आरंभी क्वालालंपूरला १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ मायदेशी परतला, तेव्हा पहिल्या आयपीएलची जुळवाजुळव सुरू होती. या मुलांना लिलावात स्थान नव्हते. संघांनी आळीपाळीने निवड करायची आणि दर ठरलेला. कर्णधार विराट कोहली बंगळूरुच्या वाट्याला आला तो ३० हजार डॉलरना. त्याच संघातले आणखी दोघे, उपकर्णधार रवींद्र जडेजा आणि कर्नाटकचा मनीष पांडे, पुढे याच व्यवस्थेचे अपराधी ठरले.

जडेजाचा राजस्थान रॉयल्सशी असलेला करार संपत आला. नूतनीकरणावर सही न करता त्याने अन्य संघांशी थेट बोलणी केली, म्हणून २०१०चा संपूर्ण हंगाम त्याला बंदी झाली. पांडेची गोष्ट अधिक बोलकी आहे. २००९मध्ये सेंच्युरियनला त्याने बंगळूरुकडून नाबाद ११४ धावा केल्या. आयपीएलमध्ये शतक करणारा तो पहिला भारतीय. तरीही २०११च्या मोठ्या लिलावात त्याच्यावर बोली लागू शकत नव्हती, कारण तो भारताकडून खेळलेला नव्हता. अशा खेळाडूंना किती हंगाम खेळले यानुसार १०, २० किंवा ३० लाख रुपये एवढाच मोबदला ठरवून दिलेला होता. पुणे वॉरियर्सशी याहून वेगळ्या अटींची बोलणी करू पाहिली म्हणून पांडेला चार सामन्यांची बंदी झाली. ज्या संघासाठी सहारा समूहाने वर्षभरापूर्वी ३७ कोटी डॉलर मोजले होते, त्या संघाच्या दारात एकवीस वर्षांच्या मुलाने भाव विचारला, हा त्याचा गुन्हा.

मे २०१२मध्ये एका वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यासमोर पुणे वॉरियर्सचाच मोहनीश मिश्रा जे बोलला, त्याने या नियमाची दुसरी बाजू उजेडात आली. करारातल्या ३० लाखांखेरीज मोठी रक्कम काळ्या पैशात मिळते, असा त्याचा दावा होता. नंतर त्याने माफी मागितली. मंडळाच्या चौकशीत ती निराधार बढाई मानली गेली आणि खेळाची बदनामी केल्याबद्दल त्याला एक वर्ष बाहेर बसावे लागले. मिश्रा खरे बोलत होता की फुशारकी मारत होता, हे ठरवायला संघमालकांच्या हिशेबवह्या पाहाव्या लागल्या असत्या. त्या प्रकरणात शिक्षा झाली ती पाच खेळाडूंना. एकाला आजन्म, एकाला पाच वर्षे, तिघांना एकेक वर्ष.

याच्या तीनच महिने आधी, फेब्रुवारी २०१२च्या लिलावात, काय घडले ते पाहावे. बंदी भोगून परतलेल्या जडेजावर चेन्नई आणि हैदराबादच्या संघांनी कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २० लाख डॉलरपर्यंत, बोली नेली. पुढे जाणे नियमात बसत नव्हते. मग दोघांनी बंद लिफाफ्यात एकेक आकडा लिहून दिला. चेन्नईचा आकडा मोठा निघाला. जडेजाला मिळाले २० लाख डॉलर. लिफाफ्यातली वरची रक्कम गेली क्रिकेट मंडळाकडे, आणि ती किती हे जाहीर झाले नाही. २०१०मध्ये किरॉन पोलार्डच्या वेळीही साडेसात लाख डॉलरच्या मर्यादेनंतर हीच पद्धत वापरली गेली होती. खेळाडूने मर्यादेपलीकडचा पैसा मागितला की तो शिस्तभंग, आणि संघाने मर्यादेपलीकडचा पैसा गुपचूप मंडळाला दिला की ती कार्यपद्धती! मर्यादा नेमकी कशासाठी होती? श्रीमंत संघाने गरीब संघावर कुरघोडी करू नये यासाठी, असे सांगितले जाते. तसे असते तर लिफाफ्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्या असत्या. लिफाफ्याने श्रीमंतालाच जिंकवले. फक्त त्या श्रीमंतीतला वाटा खेळाडूपर्यंत पोहोचू दिला नाही.

२०१४पासून भारताकडून न खेळलेल्यांनाही लिलाव खुला झाला आणि बाजाराने आपले मत नोंदवले. करण शर्माला त्याच वर्षी ३ कोटी ७५ लाख मिळाले; बंगळूरुच्या कृष्णप्पा गौतमवर २०२१मध्ये चेन्नईने ९ कोटी २५ लाख लावले. ३० लाखांची जुनी कमाल मर्यादा आणि हा भाव यांच्यातली दरी पाहिली की तिच्यावर पूल बांधण्याचा मोह संघांना आणि दलालांना का होत असावा, हे वेगळे सांगायला नको. (याच वर्गवारीत २०२५च्या हंगामासाठी महेंद्रसिंह धोनी ४ कोटींना बसला, कारण पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांनाही ‘न खेळलेले’ धरण्याचा नियम आणला गेला. नियम किती लवचीक असू शकतात ते अशा वेळी कळते.)

म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. नोव्हेंबर २०२३मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे गेला. त्याचे १५ कोटींचे मानधन सर्वांना ठाऊक आहे. मुंबईने गुजरातला दिलेले हस्तांतरण शुल्क मात्र अधिकृतपणे जाहीर नाही. हे शुल्क संघांच्या खर्चमर्यादेत धरले जात नाही आणि त्यातला निम्म्यापर्यंतचा हिस्सा खेळाडूला मिळू शकतो. यात बेकायदा काही नाही. पण खर्चमर्यादेबाहेरचा, न सांगितलेला आणि खेळाडूपर्यंत पोहोचू शकणारा पैसा हेच तर २०११ आणि २०१२मधल्या आरोपांचे स्वरूप होते. तेव्हा तो गुन्हा होता, आता तो नियम आहे. गुपितता तेवढी कायम आहे.

मंडळ खासगी संस्था आहे, तिचे व्यवहार तिने हवे तसे करावेत, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५मध्ये स्पष्ट केले आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०२१मध्ये आयपीएलचे उत्पन्न धरूनही मंडळाची करसवलत मान्य केली, ती खेळाच्या प्रसाराचा धर्मादाय हेतू लक्षात घेऊनच. करसवलतीपुरते सार्वजनिक आणि हिशेबापुरते खासगी, ही सोय अन्य कोणत्या धर्मादाय संस्थेला मिळते? २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने ही विसंगती दूर करण्याची संधी होती. मूळ मसुद्यात मान्यताप्राप्त क्रीडासंघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. संमत होताना ती तरतूद सरकारी अनुदान घेणाऱ्यांपुरती आकसली आणि अनुदान न घेणारे क्रिकेट मंडळ अलगद बाहेर राहिले.

फौजदारी कायद्याकडूनही फार अपेक्षा ठेवता येत नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या सामनानिश्चिती प्रकरणात बंगळूरु पोलिसांनी २०१९मध्ये बेळगावच्या संघाच्या मालकासह अनेकांना अटक केली. जानेवारी २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सामनानिश्चिती ही ‘फसवणूक’ ठरत नाही, शिस्तीची कारवाई मंडळाने करावी, असे म्हणत गुन्हा रद्द केला. सामना विकणेच जिथे गुन्हा ठरत नाही, तिथे भरतीतल्या लपवलेल्या पैशाकडे पोलीस वळतील कशाला? चेंडू पुन्हा मंडळाच्याच अंगणात येतो, आणि मंडळ स्वतः या बाजारातला सर्वांत मोठा लाभार्थी आहे.

अमेरिकी महाविद्यालयांनी अखेर काय केले? २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जुन्या निर्बंधांना धक्का दिला. जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार आहेत, आणि प्रत्येक विद्यापीठ वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत खेळाडूंना उघडपणे देऊ शकते. तिथेही नव्या पळवाटा निघत आहेत, धनाढ्य माजी विद्यार्थी जाहिरातीच्या नावाखाली भरतीचाच पैसा पुरवत आहेत. पण ६०० डॉलरपेक्षा मोठा प्रत्येक बाहेरचा करार नोंदवण्याचे बंधन त्यांनी घातले. सहाशे डॉलर म्हणजे सुमारे पन्नास हजार रुपये. आयपीएलच्या एका हस्तांतरणाची रक्कम, खेळाडूचा त्यातला हिस्सा आणि दलालाचे शुल्क असे तीन आकडे संकेतस्थळावर टाकायला कोणताही नवा कायदा लागत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीतला एक ठराव पुरेसा आहे.