रेडीच्या पुढे

महाविद्यालयीन सहलीच्या संमतीपत्रात एक वाक्य ठरलेले असते : काही बरेवाईट घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. गेल्या हिवाळ्यात यवतमाळहून मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घेऊन मालगुंड ते मडगाव असा किनाऱ्याकिनाऱ्याने अभ्यासदौरा काढण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा या वाक्याखाली सही करण्यास बहुतेक पालकांची हरकत नव्हती. हरकत होती ती मार्गातील शेवटच्या ओळीला : रेडी, तेरेखोल, केरी, मडगाव. रेडीपर्यंत न्या आणि तेथून मागे फिरा, असे आम्हांस निरनिराळ्या शब्दांत सांगण्यात आले. सहकारी प्राध्यापकांनीही तेच सुचविले. आम्ही गेलो आणि सगळे सुखरूप परतलो. मात्र सुखरूप परतलो म्हणून आमचे म्हणणे खरे ठरले, असे आम्ही मानीत नाही. नशिबाला युक्तिवाद म्हणून पुढे करणे बरे नव्हे.

समुद्राचे भय खरे आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शैक्षणिक सहलींसाठी समुद्रकिनारे टाळण्याच्या सूचना निघाल्या, त्या कोणास जाचक वाटल्या तरी निराधार नव्हत्या. विहिरीत आणि नदीत पोहणाऱ्या आमच्या मुलांना ओहोटीची ओढ ठाऊक नसते. म्हणून पाण्यात उतरायचे नाही आणि रात्रीचा प्रवास करायचा नाही, असे दोन नियम आम्ही केले व ते कडकपणे पाळले. पण गंमत अशी, की या दोन धोक्यांविषयी आम्हांस फारसे कोणी विचारलेच नाही. मालगुंडचा समुद्र चालत होता; केरीचा नको होता. पाणी तर एकच.

तेव्हा भय सीमेचे होते असे म्हणावे, तर आमचा जिल्हाच सीमेवर वसलेला आहे. पाटणबोरीकडून पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, मजुरीसाठी माणसे रोज आदिलाबादेस जातात. भाषा बदलते, पाट्यांची लिपी बदलते, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. गोव्याची सीमा मात्र निराळी ठरते, कारण विदर्भातल्या घरांत गोवा हे नाव प्रदेशाचे राहिलेले नसून वर्तनाचे झाले आहे. सिनेमाने आणि जाहिरातींनी हे केले. मुलगा गोव्यास गेला तर त्याची थट्टा होते, मुलगी गेली तर तिची चौकशी होते. आमच्याकडे आलेल्या हरकती जवळजवळ सर्व मुलींच्या घरच्या होत्या, यातच काय ते आले.

आणि घरी तरी कोणती सुरक्षितता आहे? २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालीपर्यंत टिकली. आणि तेव्हाही वेचणीचा कापूस शेतातच होता. जेथे गेल्यावाचून भागत नाही तेथला धोका आपण मोजीत नाही. मुलगी शिकण्यासाठी, पाहण्यासाठी, म्हणजे 'उगीच' निघाली की मोजमाप सुरू होते.

आता या किनाऱ्याकडे वळू. शिरोड्यास वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षे शाळा चालविली. १९३० साली त्याच गावी मिठाचा सत्याग्रह झाला. शेजारच्या आरवलीची माणसे जयवंत दळवींनी 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये अमर केली. आम्ही दळवींना सिंधुदुर्गचे म्हणून शिकवितो. त्यांचा जन्म मात्र हडफड्याचा, म्हणजे १९२५ सालच्या पोर्तुगीज मुलखातला. आजोळ, सोयरीक, देवस्थान, नाटकमंडळी यांचे व्यवहार ज्या रेषेवरून सहज ये-जा करीत, ती रेषा आपल्या वाङ्मयेतिहासात अभेद्य असल्यासारखी उमटते. गोमंतकीय साहित्य हे आमच्याकडे शेवटच्या घटकात, परीक्षा जवळ आल्यावर उरकले जाते.

तेरेखोलचा किल्ला तर या रेषेची थट्टाच आहे. नदीच्या उत्तर काठावर, रेडीच्या बाजूस असूनही तो गोव्यात मोडतो. सावंतांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, त्याचा हा परिणाम. रेडीहून चालत गेले तरी सीमा ओलांडली जाते, आणि नदी मागाहून लागते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने येथे तिरंगा लावला. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणांहून निःशस्त्र आत शिरले; बांद्यापलीकडे पत्रादेवीजवळ आणि येथे तेरेखोललाही गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे पडली. सीमा ओलांडणे धोक्याचे होते ते त्या दिवशी. आमच्या विद्यार्थ्यांनी फेरीबोटीने नदी पार केली, बस दुसऱ्या वाटेने वळसा घेऊन आली, आणि पलीकडच्या पाट्या मराठीतही होत्या याचे काहींना नवल वाटले.

पुस्तक घरी बसूनही वाचता येते, मग दौरा कशाला, असा आक्षेप एका ज्येष्ठ अध्यापकांनी घेतला. तो खोटा नाही. लेखकाचे गाव पाहिल्याने लेखन कळतेच असे नव्हे, आणि साहित्यिक तीर्थाटनाचा आम्हांसही कंटाळा आहे. तथापि हेच गृहस्थ १९३० च्या मडगाव साहित्य संमेलनाविषयी अभिमानाने बोलतात. वामन मल्हार जोशी अध्यक्ष असलेले ते संमेलन परक्या अमलाखाली भरले, आणि खुद्द पोर्तुगालात १९२६ पासून लष्करी हुकूमशाही होती. तेव्हाच्या मराठी लेखक-वाचकांना रेषा ओलांडावीशी वाटली. घरी बसून वाचण्याची सोय त्यांनाही होतीच की.

सुरक्षिततेचे कारण कोठवर ताणता येते, हे यवतमाळने जवळून पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ब्याण्णवाव्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण, उधळून लावण्याच्या धमक्या आल्यावर, मागे घेण्यात आले. गोंधळ टळावा हा हेतू सांगितला गेला. झाले असे, की पाहुणी घरी राहिली, तिचे भाषण मात्र मराठीत भाषांतरित होऊन सर्वत्र वाचले गेले, आणि ज्यांनी धमक्या दिल्या त्यांना कोणी संमतीपत्र मागितले नाही. आपण भीती वाटणाऱ्याला थांबवितो, भीती घालणाऱ्याला नाही. ही सवय संमेलनाची तशी सहलीचीही आहे.

पुढच्या वर्षीही हाच मार्ग राहील. या वर्षी दोन विद्यार्थिनी येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यावर गावाचे डोळे असतात, आमच्यावर नसतात. त्यांपैकी एक दळवींवर लघुप्रबंध लिहिते आहे. हडफडे कसे आहे, तेथून आरवली किती लांब, असे तिने परतल्यावर आम्हांस विचारले, आणि आम्ही सांगितलेले तिने वहीत उतरवून घेतले.