चौकातला बैल आणि अंधारातला वाघ

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माळ्यावरून एक बैल खाली उतरतो. सागवानी लाकडाचा, चार चाकांवर उभा, डावे शिंग किंचित दुखावलेला. १९५६ च्या नोव्हेंबरात नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, नागपूरच्या सचिवालयातील दप्तरे इकडे हलली आणि त्या दप्तरांमागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडे या तळ्यांच्या गावी आली, तेव्हा आमच्या वडिलांच्या सामानात हा बैलही होता. भांडीकुंडी मागाहून आली तरी चालतील, पण पोरांचा नंदी बरोबर हवा, असा आजीचा आग्रह होता म्हणे. तेव्हापासून दरवर्षी त्याला पुसावे, शिंगांना बेगड लावावी, पाठीवर झूल घालावी, गळ्यात घुंगरू बांधावे आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाती दोरी द्यावी, हा क्रम चालत आला आहे.

यंदा ती दोरी आमच्या सात वर्षांच्या नातवाच्या हाती आली. त्याने बैलाला पुढून-मागून न्याहाळले, पोटाखाली हात घालून काही चाचपले आणि विचारले, "आबा, याचा लाइट कुठून लागतो?"

आम्ही प्रथम हसलो. पण मुलाचा प्रश्न निरर्थक नव्हता. आदल्याच रात्री त्याने मोबाइलवर परदेशातील एका चौकाची चित्रफीत पाहिली होती. तेथे प्राण्यांच्या मोठमोठ्या आकृती उभ्या होत्या, आणि मुलांनी हात लावला की त्या आतून उजळत, रंग बदलत. असला बैल पाहिलेल्या मुलाला आमचा बैल मुका वाटला, यात नवल ते काय!

वाचकहो, या प्रकाशशिल्पांकडे नाक मुरडून पाहण्याचा आमचा विचार नाही. त्यांच्यामागील युक्ती समजून घेतली तर कौतुकच वाटते. माणसाच्या देहातून उष्णतेचे अदृश्य किरण सतत बाहेर पडत असतात. समोरून कोणी गेले की त्यांत होणारा बदल एक चिमुकला संवेदक टिपतो. दुसरा एक प्रकार स्पर्श ओळखतो, कारण आपले शरीर विजेचे वाहक आहे. तिसरा पायाखालचा दाब जाणतो. ही वर्दी एका छोट्याशा यंत्राकडे जाते आणि ते दिव्यांना हुकूम सोडते. या साधनांतून किती सुंदर कल्पना निघू शकतात! कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात २०११ मध्ये रस्त्याकडेला एकवीस झोपाळे टांगले गेले. प्रत्येक झोपाळा आपला एक सूर काढी, पण अनेकांनी एकमेकांच्या लयीत झोके घेतले तरच पुढची धून उमटे. अनोळखी माणसांना एका तालात आणणाऱ्या या खेळाच्या रचनेत प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांचाही हात होता.

ऑस्ट्रेलियातील अमांडा पारेर या कलावतीचे शुभ्र ससेही असेच जगभर फिरतात. दुमजली घराच्या उंचीचे, आतून उजळलेले हे ससे २०१४ मध्ये सिडनीच्या प्रकाशोत्सवात प्रथम अवतरले. मुले त्यांना बिलगतात, मोठी माणसे छायाचित्रे काढतात. परंतु त्या गोजिरवाण्या रूपामागे एक बोचरे स्मरण आहे. १८५९ मध्ये केवळ शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणून सोडलेल्या सशांची संतती ऑस्ट्रेलियाभर पसरली आणि तिने तेथील कुरणे, पिके व मूळचे जीवन यांची धूळधाण केली. ससा मोठा झाला आहे तो यासाठी, की माणसाची चूक माणसाला दिसावी. येथे दिवा नुसती शोभा म्हणून लावलेला नाही, त्याला काही सांगायचे आहे.

तेव्हा आम्ही नातवाला जवळ बसवून म्हणालो, "अरे, याचा लाइट तुझ्या हातात आहे." त्याला ते पटले नाही. पण आम्हांला ते मनापासून सांगायचे होते. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला विदर्भातील मुले आपापले लाकडी नंदी सजवून चौकात आणतात, तोरणाखाली रांगेने उभे करतात, मग घरोघर फिरून बोजारा मिळवतात. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची मानली जाते. शेतकऱ्याचा खरा बैल पोळ्याला आणि पोरांचा लाकडी बैल दुसऱ्या दिवशी, अशी ती जोडी आहे. विचार केला तर हेही चौकातले प्राणिशिल्पच, आणि प्रेक्षकाच्या हाताशिवाय अपुरे राहणारे! दोरी ओढली नाही तर तो बैल चालत नाही, घुंगरू वाजत नाही. फरक इतकाच की प्रकाशाचा प्राणी मुलाकडे केवळ स्पर्श मागतो. आमचा बैल त्याच्याकडून आदल्या दिवसाची मेहनतही मागतो. पुसणे, रंगवणे, चाकाला तेल देणे, आणि सण संपल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवणे.

उद्या आपल्या भोपाळच्या एखाद्या चौकात असे उजळणारे प्राणी उभे करावयाचे कोणी मनावर घेतले, तर ते कसे असावेत? बाहेरगावाहून छापील नमुन्याचे हरिण आणि मोर मागवावेत, अशी दरिद्री अवस्था या शहराची खचित नाही. येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानणाऱ्या विष्णू श्रीधर वाकणकरांची नजर १९५७ मध्ये रेल्वेतून त्या खडकांवर पडली, हा प्रसंग आपल्या मंडळींना अभिमानाने ठाऊक आहे. तेथील चौथ्या क्रमांकाच्या निवाऱ्याला लोक प्राण्यांचा खडक म्हणतात. हत्ती, गवे, बारशिंगे, चितळ, घोडे एकमेकांच्या अंगावर रंगवलेले आहेत. एका पिढीचे चित्र पुसून दुसऱ्या पिढीने आपले काढले नाही, वरूनच काढले. उन्हे कलली आणि आपण दोन पावले सरकलो की मघाशी न दिसलेला प्राणी दगडातून पुढे येतो. त्या चित्रांना पाहणाऱ्याच्या पावलांची ओळख यंत्रावाचून आहे. आपल्या श्यामला टेकडीवर, मानव संग्रहालयाच्या आवारातही असे चित्रित निवारे आहेत. किती जणांनी पोरांना तेथे नेले आहे, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

आणि ही परंपरा दगडातच थांबलेली नाही. १९८२ मध्ये भारत भवन उघडले, तेव्हा जगदीश स्वामीनाथन यांनी आधुनिक चित्रकारांच्या शेजारी आदिवासी कलावंतांना मानाने बसवले. पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम या गोंड तरुणाच्या भिंतीवरील चित्रांतून एक नवी शैली जन्मली. पुढे जपानमध्ये २००१ साली त्यांचा दुःखद अंत झाला, पण त्यांची हरणे आणि पक्षी आज जगभरच्या संग्रहांत आहेत. त्याच भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भिल्ल समाजातील भूरीबाईंच्या हाती स्वामीनाथन यांनी रंग दिले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री लाभली. जनगढ यांचे पुतणे भज्जू श्याम लंडनला गेले आणि त्यांनी ते शहर प्राण्यांच्या रूपात पाहिले. मोठे घड्याळ म्हणजे कोंबडा, भुयारी गाडी म्हणजे गांडूळ, बस म्हणजे इमानी कुत्रा! त्यांचे 'लंडन जंगल बुक' २००४ मध्ये निघाले. २०१३ मध्ये उघडलेल्या आदिवासी संग्रहालयात गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, कोल, भारिया आणि सहरिया या समाजांतील कलावंतांनी स्वहस्ते एक सृष्टीच उभी केली आहे. ज्या शहरात असे हात आहेत, त्या शहराच्या चौकात प्राणी उभा राहावयाचा तर तो याच हातांनी घडावा, त्याखाली त्यांचे नाव असावे आणि मोबदला योग्य मिळावा. दिव्यांची जोडणी तंत्रज्ञ करतील. जनावराचे रूप ज्याच्या घरच्या गोष्टींतून आले आहे, त्याच्यावाचून ते जनावर पोरके राहील.

आता दिव्यांविषयी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. न्यूयॉर्क शहरात ११ सप्टेंबरच्या मृतांच्या स्मरणार्थ २००२ पासून आकाशात दोन प्रचंड प्रकाशझोत सोडले जातात. रात्री स्थलांतर करणारे पक्षी त्यांकडे ओढले जातात आणि झोतांत घिरट्या घालत थकून जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सात वर्षांतील सात रात्रींत सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर या झोतांचा परिणाम झाला. म्हणून तेथे पक्षी मोजणारी माणसे रात्रभर बसतात आणि झोतांत हजारांवर पक्षी अडकले की दिवे सुमारे वीस मिनिटे मालवले जातात. दिवे गेले की पक्षी आपल्या वाटेने निघून जातात. इतक्या दुःखाच्या स्मरणातही पाखरांसाठी दिवा मालवता येतो, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे तर पाखरे दाराशीच आहेत. मोठा तलाव आणि छोटा तलाव मिळून झालेली भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. तलावाच्या काठाला लागूनच वनविहार आहे. आणि वाघ? भीमबेटका ज्या रातापानीच्या अरण्यात आहे, ते डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. तेथील वाघ केरवा आणि कलियासोतच्या बाजूने शहराच्या उंबरठ्यापर्यंत येतात. खरे म्हणजे ते येत नाहीत, आपणच बंगले आणि दिवे घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आहोत. वाघाला लागतो तो अंधार. त्याच्या वाटेवर रात्रभर झगमगाट करावयाचा आणि चौकात विजेचा वाघ उभा करून मुलांना 'हा पाहा वाघ' म्हणावयाचे, यासारखी विसंगती दुसरी कोणती?

म्हणून आमचे म्हणणे अगदी साधे आहे. चौकात प्राणी जरूर उजळावेत. पण तळ्याकाठी आणि रानाच्या कडेला नव्हे, तर जेथे आधीच वर्दळ आणि उजेड आहे तेथे. आणि रात्री ठरल्या वेळी ते मालवावेत. मालवताना मुलांना सांगावे, की आता खऱ्या प्राण्यांची वेळ झाली. हे एक वाक्य मुलाच्या मनात राहिले तर त्या विजेचे मोल फिटले.

त्या संध्याकाळी आम्ही एक प्रयोग केला. खोलीतला दिवा बंद केला, बैलाच्या मागे बॅटरी ठेवली आणि नातवाला दोरी ओढावयास सांगितले. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत पोचलेला एक बैल मान डोलवीत चालू लागला. दुखावलेले शिंगही भिंतीवर हातभर लांब झाले. पोराने दोरी सोडली, बैल थांबला. पुन्हा ओढली, पुन्हा चालला. मग शेजारची तीन मुले आली, आणि जेवणाची हाक कोणालाच ऐकू गेली नाही.

आपल्या वसाहतींतून तान्हा पोळा आता विरळ होत चालला आहे. दुकानातील तयार प्लास्टिकचा बैल, एक छायाचित्र आणि संपले, असे अनेक घरी घडते. पुढल्या वर्षी आपल्या मंडळाच्या पटांगणात मुलांनी स्वतः घडवलेले प्राणी आणावेत, असे आम्ही सुचवितो. मातीचे, लाकडाचे, पुठ्ठ्याचे, कसलेही. त्यांच्यामागे बॅटऱ्या ठेवून एका पांढऱ्या पडद्यावर सावल्यांची मिरवणूक काढू. आदिवासी कलावंतांपैकी कोणास पाहुणे म्हणून बोलावून, त्यांच्या श्रमांचा मान राखून, मुलांना दोन तास शिकवण्याची विनंती करू. रात्री नऊला सगळ्या बॅटऱ्या बंद. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना नंदी असेल, त्यांनी तो आताच खाली काढून पाहावा. चाक निखळले असेल तर वर्ष हाताशी आहे.