रात्रीचं पाणी कोण ठरवतं?

हरभऱ्याला घाटे भरतानाचं पाणी काल रात्री दिलं. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची. दीड वाजता बॅटरी तोंडात धरून स्प्रिंकलरचे पाईप उचलले. शेजारचा मात्र ऑटोवर मोटार सोडून घरी झोपला. सकाळी बघतो तर खालच्या अंगाला चिखल. आता तिथं हरभरा मरणार आणि दोष बियाण्याला.

पारावर विषय निघाला की सगळे लाईनमनला शिव्या घालतात. अरे, त्याच्या हातात डीपीचा फ्यूज आहे. पुढं किती वीज लागेल, ती कोळशाची घ्यायची की सौर, कुणाला दिवसा द्यायची अन् कुणाला रात्री, हे फार आधी कागदावर ठरतं. तिथं आपण नसतो.

कायद्यात जागा आहे बरं का. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६४ सांगतं की दर ठरवताना लोकांच्या सूचना-हरकती आयोगाने विचारात घेतल्या पाहिजेत. म्हणून दरवाढ आली की पेपरात जाहिरात येते, जनसुनावणी होते. पण दर हा शेवटचा कागद. वीज खरेदीचे करार २५-२५ वर्षांचे असतात, ते होऊन गेले की नंतर कितीही ओरडा. दाभोळ आठवा. १९९२ मध्ये एन्रॉनशी निविदा न काढता करार-मदार सुरू झाले, वीज परवडेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. आपला नियामक आयोग आला १९९९ मध्ये, म्हणजे सह्या होऊन गेल्यावर.

आता जून २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वितरण कंपनीला पुढच्या १० वर्षांचा आराखडा करायचा असतो, तो दरवर्षी सुधारायचाही असतो. आपली हरकत तिथं पाहिजे, बिलावर नाही.

त्या हिशेबात आपण दिसतो कसे? राज्यात लाखो पंपांना मीटर नाही. हॉर्सपॉवरवरून वापराचा अंदाज. शेतीचा वापर फुगवला की गळती आपल्या नावावर खपते, असं ग्राहक संघटना वर्षानुवर्षे सांगताहेत. माती परीक्षण न करता खताचा डोस ठरवण्यातलाच हा प्रकार.

कुणी म्हणेल, साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे, गप बसा. ती योजना मार्च २०२९ पर्यंतची. त्यानंतर काय? आणि बिल शून्य झालं म्हणून बांधावरचा साप काय बाजूला होतो?

सौर कृषी वाहिनी आली तिथं दिवसा पाणी मिळतंय, हे मान्य केलंच पाहिजे. पण आमच्या फीडरवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्या मोटारी एकदम चालतात आणि पाऊस बरा असला तर जुलैत चार. डिसेंबरचा दिवस लहान, त्यात मध्येच आभाळ. गव्हाला मुकुटमुळं फुटताना, म्हणजे १८ ते २१ दिवसांनी, पाणी चुकलं तर पुढं कितीही लाईट द्या. हे पिकाचं वेळापत्रक आराखड्यात कोण घालणार? एसी ऑफिसातल्या माणसाला ते कुठून कळावं? कृषी सहायक, केव्हीकेवाले, हे काम तुमचं आहे. पाण्याच्या पाळ्या तुम्ही आम्हाला शिकवता, तशा त्यांनाही लिहून द्या.

माझं मागणं एवढंच. आराखडा मंजूर व्हायच्या आधी मराठीत ग्रामपंचायतीत लागावा, आमच्या फीडरवर किती युनिट धरलेत ते त्यात दिसावं, आणि सुनावणी तालुक्याला व्हावी. शंभर किलोमीटरवर, ऐन काढणीत ठेवली तर कोण जाणार?

मी अर्ज लिहायला घेतलाय. तुमच्या फीडरचं नाव, पीक आणि गेल्या रब्बीत कुठल्या पाण्याला लाईट नव्हती त्या तारखा रविवारपर्यंत पाठवा. अंदाजे नको, वहीत लिहिलेल्या असतील तेवढ्याच.