संघाचे नाव बदलते, तेव्हा इतिहास कोणाच्या खात्यावर जमा होतो?

मित्रहो, आजच्या धाग्यात लढाया नाहीत, तह नाहीत आणि गडकोटही नाहीत. विषय आहे खेळांच्या संघांची नावे. यात इतिहासाचा काय संबंध, असे वाटणाऱ्यांनी निदान होळकरांपर्यंत तरी वाचावे. धागा लांबला आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. ऑगस्ट २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगमधून एफसी पुणे सिटी हे नाव नाहीसे झाले आणि त्या जागी हैदराबाद एफसी आले. बालेवाडीच्या मैदानावर नारिंगी रंग लेवून बसणारा ‘ऑरेंज आर्मी’ हा चाहत्यांचा गट एका दिवसात बिनसंघाचा झाला. या संघाने २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरी गाठली होती. पुण्यात फुटबॉल रुजत असल्याची ती खूण होती. पुढे २०२१-२२ मध्ये हैदराबादने विजेतेपद पटकावले आणि २०२५ मध्ये तीच जागा स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने राजधानीत गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली असा मराठी फौजांच्या मोहिमेला शोभेल एवढा प्रवास सहा वर्षांत झाला. मात्र प्रत्येक मुक्कामावर मागची माणसे मागेच राहिली.

‘नाव बदलले म्हणून काय बिघडले? खेळ तोच, चेंडू तोच,’ असे म्हणणारे भेटतात. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. काही नावे गेली, त्याचे कुणाला काहीच वाटले नाही. आयपीएलमधला पुण्याचा संघ आठवा. २०१६ मध्ये तो ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ होता. पुढच्या हंगामात शेवटचा ‘स’ गळाला आणि ‘सुपरजायंट’ उरले. त्याच वर्षी अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरून संघ संपला. दोन निलंबित संघांच्या जागी दोनच वर्षांसाठी तो आला होता आणि हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. त्याच्यासाठी पुण्यात कुणी सुतक पाळले नाही. ज्या नावाभोवती आठवणी साचायला वेळच मिळाला नाही, त्याच्यासाठी कोण रडणार?

म्हणून खरे उदाहरण हवे असेल, तर पाऊणशे वर्षे मागे आणि नर्मदेच्या दिशेने जावे लागते.

कारेगावावरून जाणारा पुणे-नगर रस्ता ज्या शहरात पोहोचतो, त्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे. ज्या होळकर घराण्याच्या अहिल्यादेवींवरून ते ठेवले गेले, त्या घराण्याचे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ या गावावरून आले. मल्हाररावांनी ते माळव्यात नेले. त्यांच्या वंशजांच्या इंदूर दरबाराने विसाव्या शतकात त्याच नावाचा एक क्रिकेट संघ उभा केला. आपण इतिहासप्रेमी पानिपत आणि राक्षसभुवनावर तासन्‌तास बोलतो, पण होळकरांच्या या शेवटच्या मोहिमेचे नाव क्वचित काढतो.

होळकर संघ १९४१-४२ पासून रणजी करंडकात उतरला. त्याआधी त्या भागाचा संघ मध्य हिंदुस्थान या नावाने खेळत असे. होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला आणून सैन्यात हुद्दा दिला होता. संघाची सूत्रे त्यांच्याच हाती आली. सोबत मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड असे मोहरे होते. यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि नायडूंची करडी शिस्त यांतून जे उभे राहिले, त्याला तोड सापडणे कठीण. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकरांनी दहा वेळा अंतिम फेरी गाठली. चार वेळा करंडक जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांच्याकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला, त्याने नाबाद २४९ धावा केल्या आणि तरीही होळकर हरले! पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ८ बाद ९१२ धावांचा डोंगर रचला. एकाच डावात सहा फलंदाजांची शतके!

आता तारखांकडे लक्ष द्या. इंदूर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले. गादी गेली, फौज गेली, दरबार गेला. पण मैदानावर ‘होळकर’ हे नाव आणखी सात हंगाम खेळत राहिले आणि त्या काळात दोन वेळा करंडकही जिंकले. राज्य बुडाल्यावर त्याच्या नावाने एवढा पराक्रम झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासने होळकरांना हरवले. पुढच्या हंगामात संघाचे नाव मध्य भारत झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश.

येथवर कुणी म्हणेल, हे तर होणारच होते. लोकशाहीत संस्थानिकाच्या आडनावाने संघ का चालावा? मला हे मान्य आहे. नाव बदलले यात अन्याय नव्हता. अन्याय असलाच, तर तो पुढच्या हिशेबात आहे.

२६ जून २०२२ रोजी बेंगळुरूत मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना ते मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून हरले होते, म्हणून त्यांच्या डोळ्यांतील पाण्याचे सर्वांनाच अप्रूप वाटले. दुसऱ्या दिवशी सर्वत्र मथळा एकच : मध्य प्रदेशाचे पहिलेवहिले विजेतेपद. पहिले? मग इंदुरात आलेल्या त्या चार करंडकांचे काय?

नोंदवह्या सांभाळणाऱ्यांचे उत्तर तयार असते. होळकर हा वेगळा संघ होता, तो संपला. मध्य प्रदेशाचे क्षेत्र त्याहून मोठे, त्यात ग्वाल्हेर आले, जबलपूर आले, म्हणून खाते नवे. तर्क चोख आहे. पण तो सर्वांना सारखा लावला जात नाही. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले, तेव्हा संघाचा जुना इतिहास नव्या नावाबरोबर अलगद आला. बॉम्बेचे मुंबई झाले, तरी विजेतेपदांची मोजणी कुठेही खंडली नाही. २०२३-२४ चे बेचाळिसावे ठरले, ते जुन्या नावाची सारी धरूनच. बडोद्याचे संस्थान गेले, गायकवाडांचे राज्य गेले, पण संघ आजही बडोदा याच नावाने खेळतो आणि चाळीसच्या दशकातले करंडक अभिमानाने मिरवतो. कारण अगदी साधे आहे. बडोदा हे संस्थानाचे नाव होते तसेच शहराचेही होते. होळकर हे घराण्याचे नाव. शहराच्या नावाला गाव राहते, आडनावाला फक्त वंशज राहतात. इंदूरचा संघ ‘इंदूर’ या नावाने खेळला असता, तर बहुधा आज ते चार करंडक कुणी वेगळ्या रकान्यात ठेवले नसते.

काठियावाडचेही तसेच. १९४८ च्या डिसेंबरमध्ये पुणे क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या, तेव्हा समोर काठियावाडचा संघ होता. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना त्यांच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. हेच निंबाळकर होळकर संघाकडूनही खेळले. काठियावाडचे सौराष्ट्र झाले. त्या भागातील नवानगरने १९३६-३७ मध्ये आणि वेस्टर्न इंडियाने १९४३-४४ मध्ये करंडक जिंकला होता, तरी २०१९-२० मध्ये सौराष्ट्राचेही ‘पहिले’ विजेतेपद साजरे झाले. (या निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि तो लिहिताना मला शांत राहता येणार नाही.)

मात्र जुने ते सारे जपावे, असेही मी म्हणणार नाही. मुंबईतील चौरंगी आणि पंचरंगी सामन्यांच्या संघांची नावे होती हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन. १९३७ पासून पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती आणि उरलेले सगळे, आणि त्याचे नाव होते ‘रेस्ट’, म्हणजे ‘इतर’! सांगलीच्या विजय हजारेंनी या ‘इतरां’कडून हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. मराठी ख्रिस्ती घरातला हा मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला, पण त्या दिवशी त्याच्या संघाला स्वतःचे नावसुद्धा नव्हते. १९४० मध्ये गांधीजींनी या स्पर्धेला विरोध केला आणि १९४५-४६ नंतर ती बंद पडली. मैदाने ओसंडून वाहत असत आणि परंपराही होती. तरी ती नावे गेली हे चांगलेच झाले. तेव्हा ‘पूर्वापार चालत आले’ एवढ्या एका मुद्द्यावर कुणी नाव टिकवू पाहत असेल, तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही.

मुंबईचे नामांतर मराठी चाहत्याला का खुपले नाही, याचे कारण या संदर्भात मोलाचे आहे. शहराचे नाव अधिकृतपणे १९९५ मध्ये बदलले. पण मराठी बोलणारा माणूस त्याआधीही ‘मुंबई’च म्हणत होता. वाडेकर, गावसकर खेळत होते तेव्हाही मराठी वर्तमानपत्रात ‘मुंबई विजयी’ असेच छापून येई. गुणफलक बदलला, तोंडातला शब्द तोच राहिला. बदल आतून आलेला असला की माणसे तो सहज पचवतात.

आता त्याच्या उलट टोकाचे उदाहरण. मोहन बागान, स्थापना १८८९. २९ जुलै १९११ रोजी या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. २०२० मध्ये एटीके या सहा वर्षांच्या संघाशी त्याचे एकत्रीकरण झाले आणि नाव ठरले ‘एटीके मोहन बागान’. सहा वर्षांचे पोर पुढे आणि एकशे तीस वर्षांचा आजा मागे! ‘एटीके हटवा’ ही चाहत्यांची मोहीम तीन वर्षे चालली. २०२३ मध्ये विजेतेपद मिळताच मालकांनी ती अक्षरे काढली आणि नवे नाव ठेवले ‘मोहन बागान सुपर जायंट’. हो, तोच पुण्यातला सुपरजायंट. मालकही तेच. पुण्यात दोन वर्षांत विरलेला शब्द आता १८८९ च्या शेपटाला बांधलेला आहे. चाहते जिंकले की अर्धेच जिंकले, हे मी बंगाली मित्रांवर सोडतो.

आपल्या राज्यात फुटबॉलचे वेड पाहायचे असेल, तर कोल्हापूर गाठावे लागते. तेथील संघांची नावे पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींच्या नावांवर फुटबॉल खेळणारे दुसरे शहर मला ठाऊक नाही. राजर्षी शाहू स्टेडियममध्ये या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. उद्या कुणा उद्योगपतीने दिलबहारच्या पुढे आपल्या कंपनीची तीन अक्षरे लावतो म्हटले, तर काय होईल? मला त्याची काळजी वाटते. दिलबहारची नव्हे, त्या उद्योगपतीची. तालीम ही पेठेची असते, ती विकायची ठरवली तरी सही कुणाची घेणार? पुणे सिटीबाबत ती सही मिळवणे सोपे होते. ‘ऑरेंज आर्मी’ला कुणी विचारले नाही, कारण कागदावर तिचा हक्कच नव्हता.

याबाबत इंग्लंडमधले एक प्रकरण आपण नीट अभ्यासावे. १९८८ चा एफए कप जिंकणारा विम्बल्डन एफसी २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला आणि पुढच्या वर्षी नावही बदलले. चाहत्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा संघ काढून तळाच्या पातळीवरून खेळायला सुरुवात केली होती. पुढे २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या संघाने जुन्या विम्बल्डनच्या करंडकांचा वारसा त्या भागातील मर्टन नगर परिषदेच्या स्वाधीन केला. मालकी गेली, स्पर्धेतली जागा गेली, पण इतिहास ज्या गावात घडला त्या गावाकडे परत आला.

होळकरांच्या बाबतीत मला एवढेच हवे आहे. मध्य प्रदेशाची चार विजेतेपदे वाढवा, असा माझा हट्ट नाही. जबलपूरच्या माणसाने होळकर दरबाराचा पराक्रम आपला का मानावा, हा प्रश्न रास्त आहे. पण विजेत्यांच्या कोणत्याही यादीत मध्य प्रदेशाच्या नावाखाली एक ओळ घालायला काय हरकत आहे : ‘पूर्वीचा होळकर संघ, ४ विजेतेपदे’? सौराष्ट्राखाली नवानगर आणि वेस्टर्न इंडिया यांचीही. इंदूरने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. तेथील उषाराजे मैदानाचे नाव २०१० मध्ये होळकर स्टेडियम करण्यात आले. पन्नासहून अधिक वर्षांनी ते आडनाव गुणफलकाच्या वर पुन्हा झळकले.

आणि बालेवाडीत? २०१७-१८ च्या त्या उपांत्य फेरीची नोंद आज पुण्यात कोणत्या संस्थेच्या भिंतीवर आहे, हे कुणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा. त्या काळची तिकिटे, झेंडे, छायाचित्रे कुणी जपली असतील तर तीही टाका, म्हणजे निदान या धाग्याखाली तरी ती एकत्र येतील.